रीडिंग

अठ्ठावीस वर्षं मी नागपुरात मीटर वाचले.
जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीवर, देवाच्या फोटोमागं,
जिथं जिथं लोकांनी ठेवले तिथं,
टॉर्च दातात धरून.
शेवटचा आकडा लाल. तो सोडायचा.

रिटायर झालो त्या मे महिन्यात घरचा कूलर बसला
आणि गोळीबार चौकातल्या वाचनालयाचा चालू होता.
एवढंच कारण. खोटं कशाला सांगू.

ढोमणेबाई म्हणाल्या, पेपरवाले पंख्याखाली,
कूलरसमोर फक्त पुस्तकवाले.
मग उघडलं कपाट नंबर चार:
जगभरचे जुने थोर ग्रंथ, मराठीत आणलेले,
खाकी पुठ्ठ्यात, एका उंचीचे,
परेडला उभ्या शिपायांसारखे.
"याले कोणी हातच नाही लावून राह्यलं.
तुम्ही लावा."

मी डावीकडून सुरू केलं. रूटप्रमाणं.
मधलं घर सोडायचं नाही, ही जुनी सवय.

पहिल्यात लढाई, संपता संपेना,
आणि मरणाऱ्या प्रत्येकाच्या बापाचं नाव दिलेलं.
दुसऱ्यात बर्फ. शेहेचाळीस डिग्रीत मी बर्फ वाचला,
एकेका माणसाला तीन-तीन नावं,
ती बिलाच्या पाठीवर लिहून ठेवली.
तिसरा तत्त्वज्ञ. त्याचं वाक्य इतवारीत चढायचं
आणि कामठी येईस्तोवर क्रियापद नाही.

पण मी पोचायच्या आधी
प्रत्येक समासात कोणीतरी येऊन गेलं होतं.
शिसपेन्सिल, बारीक, उजवीकडं कललेली:
हे खरं नाही.
हे खरं आहे, पण याला कसं कळलं?
उद्या परत वाचणे.
आणि जिथं तत्त्वज्ञ सांगतो
की दुःख म्हणजे फक्त समजुतीची चूक,
तिथं दोनच शब्द:
काऊन बाप्पा?

मी एकटाच हसलो.
मग त्या पेन्सिलीच्या मागं मागं चालत राहिलो,
जिथं ती थांबली तिथं थांबून, जिथं पळाली तिथं धाप लागत.
पान एकशे सत्त्याण्णव. तिथं ती संपली.
वाक्याच्या मधोमध. पुढं समास कोरा.

रजिस्टर काढायला बाईंना दोन दिवस लागले.
कु. दुर्पता सोनकुसरे, टिमकी.
धंदा: कांड्या भरणे.

टिमकी माझा रूट होता.
मागाची खटखट, मातीची भिंत, एका खोलीत एक बल्ब,
आणि युनिट शेजारच्यांच्या दुप्पट.
मी वहीत शेरा मारला होता, माझंच अक्षर, नवी नोकरी, नवा पेन:
"वापर संशयास्पद. तपासावे."
पथक आलं. काही सापडलं नाही.
तरी तार कापली, कागद वर-खाली होईस्तोवर
तीन महिने कापलेलीच राहिली.

पुस्तकाच्या मागच्या कागदावर तारखेचे शिक्के आहेत.
त्या तारखा जुळतात का, मी पाहिलं नाही.
पाहता आलं असतं.

एका संध्याकाळी गेलो टिमकीत.
माग नाही, मातीची भिंत नाही, तीन मजले उभे,
मीटर आता बाहेर, काचेच्या आत, लाल दिवा डोळा मिचकावतो,
त्याला वाचायला कोणाला वाकावं लागत नाही.
एका पोरानं विचारलं, "काका, कोणाले पाहून राह्यले?"
मी म्हटलं, "एक रीडिंग राह्यलं होतं."

एकशे सत्त्याण्णवच्या पुढं मी आता हळू वाचतो.
कोऱ्या समासात ऊन फार.
पेन्सिल खिशात असते, काढत नाही,
मी लिहिलेल्या एका ओळीनं पुरे झालं.

काल पान दोनशे बेचाळीसवर
तत्त्वज्ञ म्हणाला, शहाणा माणूस
झालेल्या गोष्टीचा पश्चात्ताप करत नाही.
"काऊन बाप्पा?"
मी चांगलं मोठ्यानं म्हटलं असणार,
कारण पंख्याखालचे पेपर सगळे खाली आले
आणि ढोमणेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
मग म्हणाल्या, उठलेच आहात तर
कूलरमध्ये दोन बादल्या टाका.

मी उठलो नव्हतो.
उठलो.